फोर्ट्रानमध्ये पावसाची फाइल वाचताना आदल्या दिवसाचाच आकडा परत येतो, त्याबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे. दारव्ह्याकडच्या एका पोरानं आपल्या महसूल मंडळाच्या नोंदवहीतला जुलैचा पाऊस एक्सेलमध्ये टाइप केला, सीएसव्ही (स्वल्पविरामानं खाने वेगळे केलेली फाइल) म्हणून सेव्ह केला अन् 65 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस किती दिवस पडला ते मोजायला फोर्ट्रानमध्ये प्रोग्राम लिहिला. नोंदवहीत हातानं मोजले तं 4 दिवस भरतात, प्रोग्राम 7 सांगते. मधात कुठंच एरर नाही, फक्त सगळ्यात शेवटी "एंड ऑफ फाइल" येऊन बंद पडते, आणि निकालाची फाइल उघडून पाहिली तं रिकामी. त्यानं प्रोग्राम अन् फाइल दोन्ही दाखवलं म्हणून नेमकं सांगता येतंय.

बाबू, आधी एक सांगतो, तुझा हिशेब चुकला नाही, वाचणं चुकलंय. इफ बरोबर आहे, मोजणी बरोबर आहे. मी पूर-हिशेबाच्या कामात फोर्ट्रान 77 पासून आहे, अरुणावतीच्या काठचं माझं गाव, आणि इतक्या वर्षांत पाहिलेल्या चुकांपैकी निम्म्याच्या वर अशाच, फाइल वाचतानाच्या. ज्या चुकीला एरर येते तिची मला भीती वाटत नाही, ती दहा मिनिटांत सापडते. फोर्ट्रान जिथं गप्प राहून चुकीचा आकडा हातात देते तिथं जीव लागतो. अन् तुझा आकडा काही परीक्षेतला आकडा नाही, 65 मिलिमीटर हा अतिवृष्टीचा निकष आहे, त्याच्यावर पंचनामे होतात, एक दिवस इकडचा तिकडे झाला तं कुणाच्या तरी पऱ्हाटीच्या नुकसानीचा प्रश्न येतो. म्हणून लांबड लागली तरी सगळं लिहितो. खाली जिथं कोडच्या ओळी आहेत तिथं नावं देवनागरीत लिहिलीत, तू टाइप करताना नेहमीसारखं इंग्रजी स्पेलिंग टाकजो.

तुझ्या फाइलीत चार खाने आहेत, तारीख, मंडळ, मिमी, शेरा. तू पहिले तीन वाचतोस, रीड(10,*) तारीख, मंडळ, पाऊस असं. आता समज अशा तीन ओळी एकाखाली एक आहेत:

14-07-23,लाडखेड,72.4,
15/07/23,लाडखेड,3.0,
16-07-23,लाडखेड,,यंत्र बंद

पहिली ओळ बरोबर वाचली जाते, पाऊस 72.4. दुसऱ्या ओळीत तारखेत तिरकी रेघ आहे (ही फाइल दोघांनी मिळून टाइप केलेली दिसते, एकानं आडवी रेघ वापरली दुसऱ्यानं तिरकी, तसं चालतंच). पण ताराच्या रीडमध्ये, म्हणजे जिथं फॉरमॅटच्या जागी * देतो तिथं, तिरक्या रेघेला खास अर्थ आहे: "वाचणं इथंच थांबव, बाकीचे व्हेरिएबल जसे आहेत तसे राहू दे." म्हणजे तारखेत नुसतं 15 येते, मंडळ अन् पाऊस यांना हातच लागत नाही, आणि पावसात आदल्या ओळीचे 72.4 तसेच बसून राहतात. आयोस्टॅट (वाचताना काही बिघडलं का ते सांगणारा आकडा) पाहिलं असतं तरी शून्यच दिसलं असतं, कारण फोर्ट्रानच्या हिशेबानं काही चुकलंच नाही, नियमच तसा आहे. 3 मिलिमीटरच्या दिवसाची अतिवृष्टी झाली ती अशी.

तिसऱ्या ओळीत मिमीचा खाना रिकामा आहे, दोन स्वल्पविराम लागून आलेत. त्याला फोर्ट्रान रिकामं मूल्य समजते, अन् रिकाम्या मूल्याचा अर्थ शून्य नव्हे, "या व्हेरिएबलला हात लावू नको" असा. परत 72.4. एका दिवसाचे तीन दिवस झाले, अन् तुझ्या फाइलीत अशा तीन जागा आहेत जिथं आदला दिवस 65 च्या वर होता, म्हणून 4 चे 7. निकाल छापायच्या आधी नुसती तारीख आणि पाऊस स्क्रीनवर छापून पाहिलं असतं तं 72.4, 72.4, 72.4 असं डोळ्यात आलं असतं, कोणतीही नवी फाइल हातात आली की मी पहिलं हेच करतो.

याच घरातल्या आणखी दोन गोष्टी. ओळ स्वल्पविरामावरच संपली आणि तिच्यातून अजून एक व्हेरिएबल वाचायचं राहिलं असलं, तं तिथं रिकामा खाना धरल्या जात नाही, ताराचं रीड थेट खालच्या ओळीवर उतरते आणि उरलेलं तिथून घेते. मुळात ताराचं रीड ओळ पाहतच नाही, त्याला जितके आकडे मागितले तितके मिळेपर्यंत ते पुढच्या पुढच्या ओळी खात जाते, आणि शेवटी ज्या ओळीवर थांबलं त्या ओळीचं उरलेलं सोडून देते. मी एकदा नुसत्या दिवस अन् पाऊस अशा दोन आकड्यांची फाइल वाचत होतो. 20 तारखेच्या ओळीत फक्त 20 होतं, पाऊस टाइप करायचा राहिला होता, खालची ओळ होती 21 आणि 14.2. रीडनं 20 घेतला, पाऊस मिळाला नाही म्हणून खाली उतरलं, तिथला 21 हाच पाऊस समजून घेतला आणि 14.2 टाकून दिला. म्हणजे 20 तारखेला 21 मिलिमीटर, अन् 21 तारीख गायबच. एरर नाही काही नाही. महिन्याची बेरीज 6.8 नं जास्त, एवढ्या फरकानं कुणाला शंकाही येत नाही. दिवस मोजले तेव्हा 31 च्या जागी 30 निघाले म्हणून सापडलं, दोन दिवस गेले त्यात.

दुसरं म्हणजे नुसती मोकळी जागासुद्धा ताराच्या रीडला दोन मूल्यं वेगळी करणारी खूण वाटते. तुझ्या मंडळाचं नाव एकशब्दी आहे म्हणून निभावलं, बोरी अरब असतं तं मंडळात बोरी अन् पावसात अरब गेलं असतं, तिथं मात्र "बॅड रिअल नंबर" म्हणून एरर आली असती, ती बरी.

तेव्हा माझं मत सरळ आहे, एक्सेलमधून आलेली सीएसव्ही ताराच्या रीडनं वाचायचीच नाही. ते रीड आपणच आपल्यासाठी लिहिलेल्या, नुसत्या आकड्यांच्या फाइलीसाठी ठीक आहे. माणसानं टाइप केलेली फाइल वाचायची असली की आधी अख्खी ओळ अक्षरं म्हणून जशीच्या तशी घ्यायची, मग तिचे तुकडे आपण पाडायचे, आणि आकडा फक्त त्या एका तुकड्यातून काढायचा. असं:

ओपन(न्यूयुनिट=यू, फाइल='पाऊस.सीएसव्ही', स्टेटस='ओल्ड', ॲक्शन='रीड', आयोस्टॅट=चूक, आयोमेसेज=निरोप)
इफ (चूक /= 0) देन
  प्रिंट *, ट्रिम(निरोप)
  स्टॉप
एंड इफ
रीड(यू,'(ए)',आयोस्टॅट=चूक) ओळ
क्र = 1
डू
  रीड(यू,'(ए)',आयोस्टॅट=चूक) ओळ
  इफ (चूक /= 0) एक्झिट
  क्र = क्र + 1
  इफ (लेन_ट्रिम(ओळ) == 0) सायकल
  प1 = इंडेक्स(ओळ, ',')
  प2 = प1 + इंडेक्स(ओळ(प1+1:), ',')
  प3 = प2 + इंडेक्स(ओळ(प2+1:), ',')
  इफ (प3 == प2) प3 = लेन_ट्रिम(ओळ) + 1
  तारीख = ओळ(1:प1-1)
  तुकडा = ओळ(प2+1:प3-1)
  पाऊस = -999.0
  इफ (लेन_ट्रिम(तुकडा) > 0) रीड(तुकडा,*,आयोस्टॅट=चूक) पाऊस
  इफ (चूक /= 0) प्रिंट *, क्र, ट्रिम(ओळ)
एंड डू

(आयोमेसेज म्हणजे आयओ च्या पुढं एमएसजी, पाच अक्षरी शॉर्ट स्पेलिंग आहे ते, पूर्ण मेसेज लिहू नको. आणि ओळ हे व्हेरिएबल चांगलं 500 अक्षरांचं ठेव, लहान ठेवलं तं उरलेली ओळ गुपचूप कापल्या जाते.)

यात रीड(तुकडा,*) असं लिहिलंय तिथं युनिट नंबरच्या (उघडलेल्या फाइलीला दिलेल्या नंबराच्या) जागी अक्षरांचं व्हेरिएबल दिलंय, त्याला इंटर्नल फाइल म्हणतात, हे फोर्ट्रान 77 पासून आहे आणि माझ्या मते या भाषेतली सगळ्यात कामाची सोय हीच. याचा फायदा असा की त्या तुकड्याच्या खाली दुसरी ओळच नाही, त्यामुळं रीड खाली उतरून दुसऱ्याचा घास खाऊ शकत नाही, कमी पडलं तं लगेच आयोस्टॅट उणे येते. तारखेतल्या तिरक्या रेघेचाही प्रश्न मिटला, कारण तारीख आता रीडमधून जातच नाही. आणि वाचायच्या आधी दर वेळी पाऊस = -999.0 टाकलंय ती ओळ काढू नको. खाना रिकामा असला तं -999 च राहील, आदल्या दिवसाचं भूत येणार नाही. फक्त बेरीज करताना -999 वगळायला विसरू नको, आणि त्या जागी शून्यही धरू नको, यंत्र बंद असणं अन् पाऊस न पडणं या दोन गोष्टी शेतकऱ्याला वेगळ्या आहेत तं आपल्यालाही वेगळ्याच पाहिजेत.

एंड ऑफ फाइलचं सांगतो. तू नोटपॅडमध्ये ओळी मोजल्या, 32 निघाल्या, मथळ्याची एक सोडून डू 1 ते 31 लावलं. पण 22 तारखेनंतर एक ओळ कोरी आहे, म्हणजे एका दिवसाची नोंदच नाही, आणि ताराचं रीड कोरी ओळ मोजतच नाही, ओलांडून जाते. म्हणून 31 व्या फेरीला फाइल संपलेली. ओळी मोजून डू लावायचाच नाही, वर लिहिलंय तसं आयोस्टॅट पाहून बाहेर पडायचं. आयोस्टॅट शून्य म्हणजे ठीक, उणे म्हणजे फाइल संपली, अधिक म्हणजे खरी गडबड. लूपच्या बाहेर आल्यावर इज_आयोस्टॅट_एंड(चूक) विचारून घेतलं की फाइल खरंच संपली का मधातच काही बिघडलं ते कळते, हे फंक्शन फोर्ट्रान 2003 पासून आहे.

एक रीड म्हणजे एक ओळ, हे काहून, असं बरेच जण विचारतात. ही भाषा जॉन बॅकस यांच्या टीमनं आयबीएम 704 या मशीनसाठी केली, 1957 मध्ये बाहेर आली, तेव्हा डेटा पंच कार्डावर असायचा, 80 कॉलमचं एक कार्ड, अन् एक रीड म्हणजे निदान एक कार्ड उचलणं. कार्ड गेलं, पण भाषेत ओळीला रेकॉर्ड म्हणून पाहायची सवय तशीच आहे.

रिकाम्या निकालाची गोष्ट लहान आहे. तू 20 नंबरचं युनिट उघडलंस आणि राइट 21 वर केलंस. न उघडलेल्या युनिटवर लिहिलं की जीफोर्ट्रान हा कंपायलर स्वतःच फोर्ट.21 नावाची फाइल तयार करते अन् त्यात लिहिते. तुझ्या फोल्डरमध्ये पाह्य, सापडेल. नंबर हातानं द्यायचेच नाही, वर ओपनमध्ये न्यूयुनिट=यू आहे तसं दिलं की मोकळा नंबर आपोआप मिळते आणि 5, 6 सारख्या कीबोर्ड-स्क्रीनच्या नंबरांशी गाठही पडत नाही.

ॲक्शन='रीड' अन् स्टेटस='ओल्ड' हे मी का लिहायला लावतो तेही सांगतो. एकदा घाईत मी वाचायच्या फाइलीलाच स्टेटस='रिप्लेस' दिला, रिप्लेस म्हणजे आधीची फाइल असली तं ती काढून नवी कोरी कर. तीन दिवस बसून टाइप केलेल्या पाणीपातळीच्या नोंदी एका सेकंदात गेल्या, कॉपी नव्हती, परत नोंदवहीवरून टाइप केल्या. ॲक्शन='रीड' असलं की त्या फाइलीवर लिहिणं शक्यच राहत नाही. रिप्लेस फक्त निकालाच्या फाइलीला द्यायचा, आणि जुन्याच्या खाली नवं जोडायचं असलं तं पोझिशन='अपेंड'.

लिहिताना फॉरमॅट दे, तारानं लिहू नको, कारण जीफोर्ट्रान तारानं लिहिलेली ओळ 80 अक्षरांच्या आसपास मोडून खाली नेते, मग ती फाइल परत एक्सेलमध्ये गेली की खाने फाटतात. एफ6.1 मध्ये एकूण सहा जागा, टिंब धरून, अन् टिंबानंतर एक अंक, 1000.5 मावते, 10000.5 नाही मावत अन् तिथं सगळे तारे छापून येतात. तारे दिसले की आकडा मोठा आहे, जागा वाढव, एवढंच. आणि आपल्याकडं लाइटचा भरवसा नाही म्हणून एक: राइट केलेलं लगेच डिस्कवर जात नाही, आधी मेमरीत साचते, मधातच लाइट गेली तं साचलेलं जाते. लांब चालणारा प्रोग्राम असला तं दर महिन्याच्या हिशेबानंतर फ्लश(यू) टाकत जा.

एफ6.1 हाच फॉरमॅट वाचताना वापरला तं मात्र जपून. वाचायच्या जागेत टिंब नसलं तं फोर्ट्रान शेवटचा एक अंक दशांश समजते, म्हणजे नोंदवहीत 72 असं पूर्ण लिहिलं असलं तं ते 7.2 होते, गेली अतिवृष्टी. 72.4 असं टिंबासकट असलं तं टिंबाचंच ऐकते. जुन्या खात्यांच्या ठरलेल्या कॉलमच्या फाइली वाचताना हे फार भोवते, तिथं एफ6.0 वापरायचं, मग दोन्ही तऱ्हेचे आकडे बरोबर येतात. आणि अशा फाइलीत जागा कोरी असली तं ताराच्या रीडसारखं आदलं मूल्य राहत नाही, सरळ 0.0 येते, म्हणून ती जागा आधी अक्षरं म्हणून घेऊन कोरी आहे का ते पाहायचं.

मराठीचं थोडं. मराठी अंकात टाइप केलेला पाऊस, म्हणजे ७२.४, फोर्ट्रानला आकडा वाटतच नाही, एरर येते, आधी एक्सेलमध्येच बदलून घे. आणि कॅरेक्टर(लेन=10) लिहिलं तं दहा अक्षरं मावतील असं समजू नको, ते दहा बाइट आहेत. यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची पद्धत) मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेते, काना-मात्रा अन् हलंतसुद्धा वेगळे मोजायचे, दारव्हा या शब्दाचे 21 बाइट होतात. लेन=10 मध्ये तो अर्ध्यात तुटतो, मग इफ (मंडळ == 'दारव्हा') कधीच खरं होत नाही आणि माणूस दिवसभर इफ तपासत बसते. लेन=60 ठेव. एक्सेलनं यूटीएफ-8 सीएसव्ही केली असली तं फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन न दिसणारे बाइट असतात, तुझ्या फाइलीत पहिली ओळ मथळ्याची आहे अन् ती आपण सोडून देतो म्हणून त्रास नाही.

तू शेवटी विचारलंस की हे आकडे हवामान खात्याच्या ग्रिड डेटाशी (नकाशावर चौकोनी जाळी आखून तिच्या बिंदूंवर दिलेला पाऊस) ताडून पाहता येतील का. येतील, अन् पाहायलाच पाहिजेत. पुण्याहून मिळणारा 0.25 अंशाचा रोजच्या पावसाचा डेटा बायनरी फाइलीत येते, एका वर्षाची एक फाइल. रेखांश 66.5 ते 100 असे 135 बिंदू, अक्षांश 6.5 ते 38.5 असे 129, प्रत्येक आकडा चार बाइटचा रिअल, म्हणजे एका दिवसाचे 69660 बाइट. साध्या वर्षाची फाइल 25425900 बाइटची भरली पाहिजे, लीप वर्षाची 25495560. उघडायच्या आधी फाइलीवर राइट क्लिक करून साइज पाह्य, डाउनलोड अर्धवट झालं असलं तं तिथंच कळते.

वाचायला ॲक्सेस='डायरेक्ट', फॉर्म='अनफॉरमॅटेड', आणि आरईसीएल मध्ये एका दिवसाची लांबी. ही लांबी जीफोर्ट्रान बाइटमध्ये मोजते, इंटेलचा कंपायलर ठरलेला पर्याय दिल्याशिवाय चार बाइटच्या एककात मोजते, म्हणून आकडा हातानं टाकायचा नाही, इन्क्वायर(आयोलेंग्थ=लांबी) वर्षा (वर्षा म्हणजे एका दिवसाचे सगळे आकडे ठेवायचा ॲरे) असं विचारून जे येईल ते द्यायचं. मग रीड(यू, रेक=दिवस) वर्षा, 14 जुलै साध्या वर्षात 195 वा दिवस. नेहमीचा सिक्वेन्शियल अनफॉरमॅटेड इथं चालत नाही, कारण त्यात फोर्ट्रान प्रत्येक रेकॉर्डच्या आगेमागे लांबीचे मार्कर शोधते अन् या फाइलीत ते नाहीत.

ॲरे वर्षा(135,129) असाच घे, रेखांश पहिला. उलटा (129,135) घेतला तरी एकूण आकडे तेवढेच म्हणून एरर येत नाही, पण प्रत्येक जागेवर भलत्याच गावचा पाऊस येते. तपासायला सोपी युक्ती: या फाइलीत देशाबाहेरच्या बिंदूंवर -999 असते, एका दिवसाचा ॲरे घेऊन जिथं -999 तिथं टिंब अन् बाकी ठिकाणी एक्स असं छापून पाह्य, अक्षांश वरून खाली उलटे छापजो. भारताचा आकार दिसला तं बरोबर, तिरकस पट्टे दिसले तं क्रम चुकलाय. यवतमाळच्या जवळचा बिंदू 78.0 पूर्व, 20.5 उत्तर, तो वर्षा(47,57) ला येते. तिथला 14 जुलैचा आकडा तुझ्या नोंदवहीशी तंतोतंत जुळणार नाही, ग्रिडचा एक चौकोन साधारण 27 किलोमीटरचा आहे आणि आपल्याकडं एका शिवारात धो धो अन् दुसऱ्यात कोरडं असं नेहमीच होते. पण जिथं तुझ्या जुन्या प्रोग्राममधून 72.4 सलग तीन दिवस येते आणि ग्रिडमध्ये आजूबाजूच्या नऊ बिंदूंवर मधल्या दिवशी जवळपास काहीच नाही, त्या तारखा काढून नोंदवहीचं पान परत उघड. वरच्या लूपमध्ये ज्या ओळी क्रमांकासकट छापून आल्या असतील त्या अन् या तारखा शेजारी ठेवून पाठव, मी पाहतो.